नकाशातली मोकळी जागा : नवी मुंबई कशी वसली

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काका, तुम्ही काहीतरी ऐतिहासिक लिहा" असा आग्रह संपादक मंडळातल्या तरुण मंडळींनी धरला. नेसरीत बसून ऐतिहासिक लिहायचं म्हटलं की पहिल्यांदा प्रतापराव गुजरच आठवणार. २४ फेब्रुवारी १६७४ चा तो दिवस आणि ते सात वीर यांच्यावर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक गावात आहेत. मी पडलो बँकेतला माणूस. खतावणी, तारण आणि सात-बारा यांच्यात आयुष्य गेलं. म्हणून मी डोळ्यांनी पाहिलेला इतिहास लिहायचं ठरवलं, तो म्हणजे नवी मुंबई कशी वसली याचा.

आता कोणी म्हणेल, नेसरीच्या कॉलनीला नवी मुंबईचं काय? तर आपल्या बेचाळीस घरांपैकी निम्म्याहून जास्त घरांतलं कोणी ना कोणी तिकडे आहे. कोणाचा मुलगा ऐरोलीला आयटीत, कोणाची लेक नेरुळला दिलेली, कोणाचे चुलते वाशीच्या मार्केटात माथाडी होते. माझा मुलगाही खारघरला राहतो. शिवाय दुसरंही एक कारण आहे, ते शेवटी सांगतो. येत्या वार्षिक सभेत जो विषय येणार आहे त्याच्याशी त्याचा संबंध आहे.

आधी आपलं कोल्हापूर

आखून-रेखून नवी वस्ती उभी करणं आपल्या भागाला नवीन नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहूपुरी वसवली ती व्यापारपेठ म्हणून. स्टेशनजवळ गुळाची उलाढाल व्हावी, व्यापाऱ्याला जागा मिळावी, हा हेतू ठरवून केलेला. पुढे वडिलांच्या, म्हणजे जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने त्यांनी जयसिंगपूर वसवलं. आजही जयसिंगपूरला गेलात तर पत्ता गल्लीच्या नंबरावर सापडतो. सरळ रस्ते, काटकोनातल्या गल्ल्या, मध्ये बाजारपेठ. कुठे दुकान, कुठे घर, कुठे रस्ता हे माणसं राहायला येण्याआधी ठरलेलं होतं.

जागेचा वापर आधी ठरवायचा आणि मग वस्ती करायची, यालाच सरकारी भाषेत 'भूवापर नियोजन' म्हणतात. नकाशावर रंग भरलेले असतात. राहण्याला पिवळा, व्यापाराला निळा, कारखान्यांना जांभळा, बागा-मैदानांना हिरवा. आपण सगळ्यांनी बिनशेतीच्या वेळी असा एक नकाशा पाहिलेला आहे. तो पुढे कपाटात गेला, एवढंच.

मुंबई एका टोकाला कललेली

मुंबई म्हणजे समुद्रात घुसलेली लांबट पट्टी. कचेऱ्या, बँका, मंत्रालय सगळं दक्षिण टोकाला, आणि माणसं राहायला उत्तरेला. सकाळी सगळी गर्दी एका दिशेला, संध्याकाळी उलट दिशेला. १९६१ साली शहराची लोकसंख्या ४१ लाखांच्या वर होती, १९७१ साली ती ६० लाखांच्या आसपास गेली. आमच्या गडहिंग्लज-आजरा-चंदगडकडची किती तरी माणसं त्या काळात गिरणीत लागायची. गावच्या खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपायचं. हे ज्यांनी भोगलं त्यांना लोकसंख्येचा आकडा समजावून सांगायला नको.

स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली १९५८ साली नेमलेल्या समितीने ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडच्या किनाऱ्यावर वस्ती करावी असं सुचवलं होतं. पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही मुंबईचा भार आजूबाजूच्या प्रदेशात वाटला जावा अशी दिशा दाखवली. १९६५ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडे जुळं शहर उभारण्याची कल्पना मांडली. हे तिघे तेव्हा सरकारी नोकर नव्हते. आपलं शहर बिघडतंय हे बघून त्यांनी आपणहून कागदावर दुसरं शहर मांडलं.

सरकारने ते मनावर घेतलं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा हाताशी होता. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातली ९५ गावं आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर प्रदेश नव्या शहरासाठी ठरवला गेला. २० लाख लोकांची सोय करायची असं उद्दिष्ट होतं.

माळेचे मणी

योजना समजायला सोपी आहे. एकच मोठं शहर न करता लहान लहान उपनगरं करायची, त्यांना 'नोड' म्हणतात. वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर, कळंबोली, नवीन पनवेल वगैरे. आगगाडीचा रूळ हा दोरा आणि नोड म्हणजे त्यात ओवलेले मणी. प्रत्येक नोडमध्ये सेक्टर. सेक्टरमध्ये घरं, शाळा, दवाखाना, किरकोळ बाजार, मैदान. पोराला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडायला लागू नये, बाईला भाजीसाठी बस धरायला लागू नये, असा विचार. स्टेशनाजवळ कचेऱ्या आणि दुकानं. ठाणे-बेलापूर रस्त्याला एमआयडीसीची कारखानदारी आधीपासून होती, तो पट्टा उद्योगाला. आणि पारसिकच्या डोंगराकडचा भाग मोकळा ठेवायचा. आराखड्याला सरकारची मंजुरी १९७९ साली मिळाली.

पण शहर एकदम उभं राहत नाही, आणि इथे माझ्यासारख्या बँकवाल्याला गोडी वाटणारा भाग येतो. सिडकोकडे सुरुवातीला भागभांडवल होतं ३ कोटी ९५ लाख रुपये. एवढ्यात शहर काय, एक पूलही होत नाही. मग युक्ती अशी की जमीन हेच भांडवल. सरकारने जमीन संपादन करून सिडकोला द्यायची, सिडकोने एका भागात रस्ते, पाणी, वीज करायची, तयार प्लॉट विकायचे आणि आलेल्या पैशातून पुढचा टप्पा हाती घ्यायचा. लहान घरांचे प्लॉट स्वस्त, मोठे आणि व्यापारी प्लॉट महाग. म्हणजे दुकानदाराच्या पैशातून गरिबाच्या घराला टेकू. व्यापारी आपलं खेळतं भांडवल फिरवतो तसंच हे.

पहिला टप्पा वाशीचा, कारण पूल तिथे उतरत होता. १९७३ साली ठाणे खाडीवरचा पूल सुरू झाला आणि मुंबईहून थेट वाशीला गाडी जाऊ लागली. नंतर बेलापूर, नेरुळ असं काम पुढे सरकत गेलं. खारघर, कामोठे ही नंतरच्या टप्प्यातली. सुनेला मी गमतीने म्हणतो, "तुझं घर जिथे आहे तिथे मी होतो तेव्हा भाताची खाचरं होती."

टप्पा चुकला की

माझी बदली वाशीला १९८३ साली झाली. नुकताच ऑफिसर झालो होतो. दोन खोल्यांचं घर मिळालं, स्वतंत्र संडास, नळाला पाणी. परळला खोलीत दिवस काढलेल्या माणसाला तो राजवाडाच वाटला. गावाकडून आई आली होती. गॅलरीत उभी राहून म्हणाली, "जागा झ्याक हाय रं, पन मानसं कुठं हायती?"

आईने बरोबर दुखण्यावर बोट ठेवलं होतं. योजनेत रूळ हा दोरा होता, आणि दोराच आलेला नव्हता. मणी मात्र ओवायला घेतलेले. आम्ही बसने पूल ओलांडून मानखुर्द गाठायचो आणि तिथून लोकल. फोर्टातल्या मुख्य कचेरीत मिटिंग असली की पहाटे निघायचं. संध्याकाळी सातनंतर वाशीत शुकशुकाट. घरं बांधून तयार, पण कुलपं. रेल्वेला एवढा खर्च एकटीने परवडत नव्हता. शेवटी खर्चाचे ६७ टक्के सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलायचे असं ठरलं, आणि ९ मे १९९२ रोजी मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली. म्हणजे सिडकोच्या स्थापनेपासून २२ वर्षांनी! त्यानंतर वाशीच्या घरांना कसे भाव आले ते मी वेगळं सांगायला नको.

दुसरी चूक सरकारची स्वतःची. मूळ कल्पनेत राज्य सरकारची कचेरीच खाडीपलीकडे जाणार होती. सरकार गेलं की बँका, कंपन्या, वकील सगळे मागोमाग जातील असा हिशोब. बेलापूरला त्यासाठीच मध्यवर्ती व्यापारी विभाग आखला. प्रत्यक्षात कोकण भवन तिथे उभं राहिलं, पण मंत्रालय होतं तिथेच राहिलं. उलट नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून आणखी कचेऱ्या उभ्या राहिल्या. सावकाराने दुसऱ्याला काटकसर शिकवायची आणि आपण मात्र हात सैल सोडायचा, तसला प्रकार.

जे हललं ते घाऊक बाजार. कांदा-बटाट्यापासून सुरुवात झाली, मसाले, धान्य आलं आणि १९९६ मध्ये भाजी आणि फळांचा बाजार आला. पोलादाचा बाजार कळंबोलीला गेला. बाजार आला तसा माथाडी कामगार आला. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याला संरक्षण दिलं होतं, आता घरही खाडीपलीकडे मिळू लागलं. कोपरखैरणे, घणसोलीला आजही सातारा-सांगली-कोल्हापूरची बोली ऐकायला मिळते ती त्यामुळे. नकाशा काढणाऱ्यांनी साहेबलोक येतील असं धरलं होतं, त्यांच्या आधी पाठीवर पोतं वाहणारा माणूस येऊन राहिला.

नकाशात नसलेली माणसं

आता ज्यांच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला त्यांच्याकडे येतो.

त्या ३४४ चौरस किलोमीटरमध्ये ९५ गावं होती असं वर लिहिलं. नकाशात ती गावं म्हणजे छोटे ठिपके. प्रत्यक्षात तिथे आगरी, कोळी, कराडी समाज पिढ्यान् पिढ्या भातशेती, मिठागरं आणि मासेमारीवर जगत होता. गावठाण तेवढं शिल्लक ठेवलं आणि सभोवतालची शेती गेली. शेती गेली की गावठाण म्हणजे नुसती घरं राहतात.

आमच्या शाखेत नुकसानभरपाईच्या पैशांच्या मुदत ठेवी होत्या. ठेवी गोळा करण्याचं टार्गेट आम्हाला होतंच, त्यामुळे सुरुवातीला मला आनंदच वाटायचा. पण दर महिन्याला कोणी ना कोणी ठेव मोडायला येई. मुलीचं लग्न, घराचं छप्पर, मोटरसायकल, दवाखाना. एक म्हातारे गृहस्थ तीन वर्षांत चार वेळा आले. चौथ्या वेळी शेवटची पावती होती. मी नियमाप्रमाणे दंडव्याज वजा करून रक्कम काढली, अंगठ्याखाली सही केली. पैसे कनवटीला लावताना त्यांनी विचारलं, "सायेब, तुमची गावाला जमीन हाय का?" मी म्हटलं, "आहे, दीड एकर." ते म्हणाले, "मंग इकू नको." आणि निघून गेले. त्यांच्या जमिनीचं काय झालं होतं हे मला ठाऊक होतं. आमची शाखा ज्या सेक्टरात होती ना, ती त्यांचीच खाचरं.

जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासई-नवघर भागात शेतकरी रस्त्यावर उतरले. न्हावा-शेवा बंदर आणि नव्या शहरासाठी चाललेल्या संपादनाला योग्य मोबदला मिळावा ही मागणी होती. नेते होते दि. बा. पाटील. १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या आठवड्यात शाखेत गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतं. आमचा शिपाई तिथल्याच गावचा, तो दोन दिवस आला नाही, आला तेव्हा कोणाशी बोलला नाही.

या लढ्याचं फळ म्हणजे साडेबारा टक्क्यांची योजना. ज्याची जितकी जमीन घेतली त्याच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन त्याला परत द्यायची. १९९० पासून ती अमलात येऊ लागली. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी कपात होऊन प्रत्यक्ष हातात पावणेनऊ टक्के येतात, हे वेगळं. तरी तत्त्व मोठं होतं. जमीन देणारा माणूस नव्या शहरातला भागीदार आहे हे पहिल्यांदा कागदावर आलं. पण ते १९७० साली यायला हवं होतं. वीस वर्षं उशीर झाला. तोवर घरातली माणसं वाढली आणि लोकांनी गावठाणाच्या कडेने गरजेपोटी घरं बांधली. त्या घरांचा प्रश्न आजवर सरकारदरबारी फिरतो आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याला दि. बां.चं नाव मिळावं म्हणून भूमिपुत्र इतके अडून का बसले, हे त्या म्हाताऱ्या गृहस्थांची शेवटची पावती पाहिलेल्या माणसाला लगेच कळतं.

आता आपला नकाशा

१९८८ ला माझी वाशीहून बदली झाली. पुढे गडहिंग्लजला आलो आणि २००१ साली व्हीआरएस घेऊन कायमचा गावी. त्याच्या आदल्या वर्षी आपली सोसायटी नोंदली गेली. मी प्रवर्तकांपैकी एक आणि पहिला खजिनदार.

तीन एकर रान, बेचाळीस प्लॉट, प्रत्येकी दोन गुंठ्यांच्या आत-बाहेर. मध्ये साधारण बारा गुंठे खुली जागा. तेव्हाही काही जण म्हणाले होते, "बारा गुंठे मोकळे कशाला, आणखी सहा प्लॉट बसतात." मी वाशीची मैदानं पाहिली होती, म्हणून अडून बसलो. नाही तरी नियमाने ती सोडावीच लागत होती. आज त्या जागेत सकाळी म्हातारे फिरतात, संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात, गणपती तिथेच बसतो.

सभेपुढे विषय आहे की या जागेवर हॉल बांधून पुढे सहा गाळे काढावेत, म्हणजे सोसायटीला उत्पन्न होईल. उत्पन्नाची गरज मला समजते, हिशोब मीच ठेवत होतो. पण मंजूर नकाशात 'खुली जागा' म्हणून दाखवलेली जमीन सभेत हात वर करून बदलत नाही. हॉल हवाच असेल तर पुढच्या बाजूला कार्यालयासाठी राखलेला प्लॉट पंचवीस वर्षं तसाच पडून आहे. तो आपला राहिलेला टप्पा. तिथे एकमजली सुरुवात करू, पैसे जमतील तसा वर वाढवू.

आणि आता ते दुसरं कारण. ज्या आबांनी आपल्याला हे रान दिलं, त्यांचं तीस गुंठ्यांचं तुकडं आपल्या मागच्या हद्दीला लागून आहे. खरेदीच्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "माझ्या मागल्या रानाला गाडीवाट तेवढी ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, ठरावात लिहून घेऊ. त्यावर ते हसले. "बँकेतली मानसं हायसा तुम्ही, तुमच्याकडनं लिवून काय घ्यायचं?" मला तेव्हा त्या विश्वासाचा अभिमान वाटला. आणि इतिवृत्तात तो विषय घ्यायचा राहून गेला. पेन माझ्या हातात होतं, दुसऱ्या कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही.

२००९ साली चोऱ्या वाढल्या म्हणून आपण चारी बाजूंनी भिंत घातली. ठरावावर माझीही सही आहे. तेव्हापासून आबांना ओढ्याच्या बाजूने वळसा पडतो. त्या वाटेने ट्रॅक्टर जात नाही. हंगामात त्यांची सून आणि नातू उसाच्या मोळ्या डोक्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. सोळा वर्षं मी गॅलरीतून ते बघतो आहे. वाशीच्या म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल हळहळणारा मी, माझ्या दारात तेच चाललंय हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. बोललो नाही.

गेल्या महिन्यात कपाटातून मंजूर नकाशा काढून पाहिला. आपला मधला रस्ता नकाशात थेट मागच्या हद्दीपर्यंत गेलेला आहे. म्हणजे वाट नकाशात होतीच, भिंत आपण घातली. बारा फुटांचं लोखंडी गेट बसवायला किती येतील ते मी विचारून ठेवलं आहे. निम्मा खर्च मी माझ्या पेन्शनमधून देईन. किल्ली एक आपल्याकडे, एक आबांकडे. चोरांची काळजीही मिटली.

नवी मुंबईसारखं मोठं शहर वसवताना सरकारला दिलेला शब्द पाळायला वीस वर्षं लागली, पाच माणसं गेली. आपल्याला एका सभेचं काम आहे. आबा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं समितीने ठरवलं आहे, ते योग्यच आहे. पण त्यांना विचारलंत तर ते शाल घेण्याआधी गेटची किल्ली मागतील असं मला वाटतं.

सभा रविवारी आहे. सर्व सभासदांनी आणि विशेषतः तरुण मंडळींनी यावं. मी नकाशा घेऊन येतोय.

आपल्या सोसायटीला रौप्यमहोत्सवानिमित्त मनःपूर्वक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाला मी नसेन, पण मधली जागा मोकळी आणि मागची वाट उघडी असावी, एवढी इच्छा आहे.